स्प्रिंगर रायफल: कॅलिबर ठरलं, आता छर्र्यांची पाळी

स्प्रिंगर म्हणजे स्प्रिंगनं पिस्टन ढकलून दाबलेल्या हवेवर छर्रा उडवणारी एअर रायफल. तिच्या कॅलिबरचा, म्हणजे नळीच्या आतल्या मापाचा, ४.५ की ५.५ मिलिमीटर हा वाद माझ्यापुरता मिटला. १० मीटरवर कागदच फोडायचा असेल तर ४.५ मिलिमीटर. १० मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा याच मापावर होतात, त्यामुळे सर्वांत काटेकोर छर्रेही याच मापात मिळतात. शिवाय तेवढ्याच ऊर्जेत हलका छर्रा वेगानं जातो, मार्ग सपाट राहतो, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी खपून जातं. ५.५ चा छर्रा हाताळायला सोपा, पण तो घ्यायला माझ्याकडे सध्या कारण नाही.

खरी गंमत पुढे आहे. ४.५ असं डबीवर छापलेलं असलं तरी आतल्या छर्र्याच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ असा वेगवेगळा मिळतो. शतांश मिलिमीटरचा हा फरक बोटाला चक्क कळतो: एक छर्रा नळीत घसरत जातो, दुसरा अंगठ्यानं दाबावा लागतो. माझ्या नळीला ४.५१ मानवला. तुमच्या नळीला तोच मानवेल असं नाही. एकाच मॉडेलच्या दोन रायफलींची आवडसुद्धा वेगळी निघते.

वजनाचं म्हणाल तर ०.४५, ०.५३ आणि ०.६८ ग्रॅम असे तीन प्रकार मारून पाहिले. ०.५३ चा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा घोळका, सर्वांत घट्ट आला. जड छर्रा नळीत जास्त वेळ रेंगाळतो आणि स्प्रिंगरचा झटका तर छर्रा बाहेर पडायच्या आतच सुरू होतो, त्यामुळे पकडीतली प्रत्येक कुचराई कागदावर उमटते. फार हलका छर्रा घेतला तर पिस्टनसमोर पुरेसा अटकाव राहत नाही आणि पिस्टन टोकाला आदळतो. पीसीपीवाल्यांना (त्यांच्या रायफलीत दाबाची हवा आधीच भरून ठेवलेली असते) ही कटकट नाही, त्यांनी हा परिच्छेद वाचून हसायला हरकत नाही.

चाचणी घेताना स्प्रिंगर वाळूच्या पिशवीवर घट्ट दाबू नका. पुढचा हात पिशवीवर, उघड्या तळव्यावर रायफल, आणि तिला हवं तसं मागेपुढे होऊ द्या. छर्रा बदलला की सुरुवातीचे काही शॉट मोजू नका, कारण नळीत आधीच्या शिशाचा थर असतो. ग्रुप मोजताना भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं सर्वांत मोठं अंतर घेऊन त्यातून ४.५ वजा करा.

आकाराबाबत १० मीटरला सपाट डोक्याचाच छर्रा हवा. कागदात गोल, स्वच्छ भोक पडतं आणि गुण वाचताना भांडण होत नाही. लांबवर घुमटाकार छर्रा बरा, त्याला हवेचा अडथळा कमी होतो. मागचा पातळ घेर मात्र दोन्हींत जपावा लागतो. दाबाखाली तो फुगून नळीच्या खाचांना चिकटतो आणि पुढे शटलकॉकसारखा छर्रा सरळ ठेवतो. वाहतुकीत डबी आपटली की तोच चेपतो. म्हणून मी छर्रे काचेवर लोळवून पाहतो. वाकडा लोळला की सरावाच्या डबीत. चेपलेला एक छर्रा चांगल्या ग्रुपची वाट लावायला पुरेसा असतो.

आवडलेल्या डबीवरचा बॅच नंबर टिपून ठेवला आहे. कंपनी तीच असली तरी साचा बदलला की ग्रुप बदलू शकतो. हे सगळं शिसं आहे, तेव्हा हात धुतल्याशिवाय खाणं नाही. पुढची फेरी घुमटाकार छर्र्यांची, २५ मीटरवर.