चिबडातली झाडं

आमच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांखाली पाचेक गुंठ्यांचा तुकडा आहे, पक्का चिबड, म्हणजे पाणी धरून राहणारी जमीन. महाबळेश्वर तालुक्यातला पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, त्यामुळे उताराचं पाणी तिथं संक्रांतीपर्यंत पाझरत राहतं.

पहिल्या वर्षी सिल्व्हर ओक आणले. पाचगणीत जिकडेतिकडे दिसतात, म्हटलं इथंही येतील. (हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं, हे तेव्हा डोक्यातही नव्हतं.) दोन-दोन फुटी खड्डे घेऊन जूनमध्ये लावले. खड्ड्यांच्या विहिरी झाल्या. गणपतीपर्यंत पानं करपली. रोप उपटलं तर मुळ्या काळ्या आणि कुजका वास. पाणी साचलं की मातीतली हवा जाते, मुळं गुदमरतात. चुलती आधीच म्हणाली होती, "म्हस बसती तिथं झाड लावतोस व्हय रं?"

मग आधी जमीन खणून पाहिली. आमची माती जांभ्याची, तांबडी. मधल्या भागात मात्र राखाडी निघाली, अधूनमधून गंजासारख्या शिरा. महिनोन्‌महिने पाणी मुरून राहिल्याची ती खूण. दहा पावलांवर, कडेला, परत तांबडी. एका झाडानं भागणार नव्हतंच.

चुलतीला घेऊन ओढ्याकाठनं फिरलो. पाण्यात पाय सोडून उभं होतं ते वाळुंज. त्याच्या खोडालाच पाण्यात नवी मुळं फुटतात, म्हणून ते तगतं. बोटाएवढ्या जाड छाट्या आणल्या आणि पावसाच्या तोंडावर राखाडी मातीच्या काठाकाठानं नुसत्या खोचल्या. चौदांतल्या अकरा फुटल्या. त्याच्या वरच्या अंगाला जांभूळ. पण खड्डा न घेता दीड फुटाचे उंचवटे करून त्यांवर लावलं, तेही पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेरीस. अगदी कोरड्या बांधावर अंजन. वाढायला आळशी झाड, पण उन्हाळ्याच्या तोंडाला फांद्यांना निळे-जांभळे झुबके येतात, त्या लोभापायी.

थंडीचा हिशेब मात्र चुकला. वेण्णा तलावाकाठी हिमकण जमल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो, आपल्या रानाशी त्यांचा संबंध कधी लावला नव्हता. वारा पडलेल्या, निरभ्र रात्री गार हवा जड होऊन सखलात उतरते आणि तिथंच बसते. म्हणजे जिथं पाणी, तिथंच गारठाही. जानेवारीत एका सकाळी खालच्या जांभळांची कोवळी पालवी उकडल्यागत काळी पडलेली. चार पावलं वरची रोपं हिरवीगार. आता डिसेंबर लागला की खालच्या रोपांना पेंढ्याची खोपी करतो. काळे शेंडे लगेच छाटायचे नाहीत, हेही कळलं. फेब्रुवारीत त्यांच्याखालून फूट आली.

अर्जुनाची फार हौस होती. ओढ्याकाठचंच झाड, पण सखल, उबदार मुलखातलं. नाही लावलं.

अगदी मध्यभागी, जिथं घोट्याच्या वर चिखल असतो, तिथले लव्हाळे तसेच ठेवलेत. चुलतीची म्हैस अजून तिथंच बसते.