खड्ड्यातली केळी

बेटावर परत येऊन सात महिने झाले. पहिला आठवडा नुसता गंजाशी मारामारी करण्यात गेला, कुलूप गच्च, बिजागऱ्या गच्च, कोयत्याला हात लावला तर पापुद्रे निघतायत. समुद्र एवढा जवळ असला की लोखंडाचं काही खरं नसतं. शहरात राहून मी हे विसरलेलोच, आणि गावात सकाळी साडेपाचला कुणीही दारात येऊन "उठलास का रे?" विचारतं हेपण.

असो, बागेचं सांगायचंय. जाताना मी दोरी लावून नीट आखलेले वाफे करून गेलेलो, आल्यावर तिथे फक्त वाळू. बेटावरची ही माती म्हणजे प्रवाळाचा चुरा, नुसता चुना, लोह असून झाडाला उचलता येत नाही, मग पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. खत घालावं तर या उष्म्यात ते भराभर कुजून संपतं आणि उरलंसुरलं पावसाबरोबर वाळूतून खाली. म्हणजे खत घालणं हे भांडी घासण्यासारखं काम, कधी झालं असं नाहीच.

आणि मागच्या ज्या खड्ड्यात मी झावळ्या, नारळाची सोडणं, खरकटं असं सगळं फेकून गेलेलो तिथे केळी माजलीय! कडेला केळीचा एक मुनवा, म्हणजे बुंध्याशी फुटलेला कोंब, खोचलेला, आता सहा खोडं, दोनांवर घड. एका खोडाला एकदाच घड, मग ते कापायचं आणि त्याच खड्ड्यात टाकायचं, खोडात सगळं पाणीच असतं, बाकीच्यांना तेच पुरतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तू नव्हतास म्हणून वाढली, असतास तर रोज उकरत बसला असतास." काय बोलणार.

तरी खाज जात नाही. बाहेरून कांद्याचं बी आणलेलं, पाकिटावरचा फोटो बघून. इथे दिवस वर्षभर साधारण १२ तासांचा आणि ते वाण लांब दिवसांचं, चार महिने पात खाल्ली, खाली कांदा धरलाच नाही. मोठे टोमॅटो लावले, ढीगभर फुलं, पण रात्री पण २५ अंशांच्या वर उकाडा असल्यावर फळ कुठून धरणार, सगळी गळाली. आणि ह्या लाडक्यांना मी विहिरीवर पंप लावून पाणी घालत होतो! बेटाखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं. पाणी मचूळ लागायला लागलं तेव्हा पंप काढला, आता पावसाची टाकी आणि बादली.

सध्या खड्ड्याच्या दुसऱ्या कडेला अळू आणि रताळ्याचे वेल, दोघं मजेत. पपईची रोपं एका ठिकाणी तीन-तीन लावलीत, कारण नर की मादी हे फुलं आल्याशिवाय कळत नाही. पहिली बॅच खेकड्यांनी एका रात्रीत देठापासून छाटून बिळात ओढून नेली. म्हणून आता प्रत्येक रोपाभोवती बूड कापलेला डबा. काल रात्री टॉर्च घेऊन बघायला गेलो तर एक जण डब्याला टेकून आरामात बसलेला, मला बघून हलला पण नाही. सकाळी तो डबा आडवा होता.