फरशीवरची रेघ

३ जानेवारी

गजर वाजला तेव्हा खिडकीत अजून काळोखच. २२ डिसेंबर होऊन बारा दिवस झाले. त्या रात्री ताईला फोनवर मीच म्हणाले होते, "झालं, सगळ्यात लहान दिवस संपला. आता उजेड वाढत जाईल." आणि सूर्योदय काही केल्या अलीकडे यायला तयार नाही. दिलेला धीर खोटा निघाला असं वाटून उठवेचना. माझंच मेलं असं का होतं.

दुपारी हिशेब मांडून बसले. दिवस वाढतोय हे खरं, पण ती वाढ सध्या संध्याकाळच्या पदरात पडतेय. पृथ्वीचा आस कललेला, त्यात जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि कक्षेत जास्त वेगाने धावते. म्हणून या दिवसांत एका मध्यान्हीपासून दुसऱ्या मध्यान्हीपर्यंत चोवीस तास आणि वर साधारण अर्धं मिनिट लागतं. घड्याळ हे अर्धं मिनिट धरत नाही. मग उगवणं आणि मावळणं, दोन्हींना त्याच्या काट्यांवर उशीर होतो. मावळणं लांबत होतं, माझ्या लक्षात आलं नाही. त्या वेळी मी पडदे ओढून, दिवा लावून बसलेली असते.

म्हणजे खोटं बोलले नव्हते. तरी चैन पडेना.

खरं कारण फरशीवरची रेघ आहे. दक्षिणेच्या खिडकीतलं दुपारचं ऊन २२ तारखेला बाबांच्या खुर्चीच्या पुढच्या पायापर्यंत पोचलं होतं, तिथे मी पेन्सिलीने खूण केली. आज ते दोन बोटं मागे आहे.

उन्हाळ्यात सूर्य ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो. वाट लांब, म्हणून दिवस मोठा. पण ऊन उंचावरून पडतं आणि खिडकीच्या चौकटीतच थांबतं. आता तो आग्नेयेकडून नैर्ऋत्येकडे बुटक्या कमानीवरून जातो. दिवस आखूड, पण तिरपं ऊन घरात खोल शिरतं. त्या खुर्चीला वर्षातून एवढेच काय ते दिवस ऊन लागतं. इतकी वर्षं मी लहान दिवसांवर नुसती चिडत आले.

सध्या सूर्य रेंगाळतोय, म्हणून दोनच बोटं. मार्चमध्ये, दिवस-रात्र सारखे होताना, तो रोज ०.४ अंश उत्तरेकडे सरकेल. तेव्हा ऊन भराभर मागे हटेल. आणि मी ताईला म्हणत होते, उजेड वाढेल.

खुर्ची पुढे ओढावी असं मनात आलं. नको. बाबांना ती हललेली चालायची नाही. मीच तिच्या पायाशी टेकून फरशीवर बसले, पावलं उन्हात येतील अशी.

ताईला सूर्यास्तानंतर फोन करीन. आज पडदे उघडेच ठेवलेत.