वजनदार माणसाचे हलके पाय

न्यू जॅक स्विंगचा, म्हणजे हिप हॉपचा ठेका आणि आर अँड बीचं गाणं यांच्या मिश्रणाचा, विषय निघाला की लोक गायक बॉबी ब्राउनपासून सुरुवात करतात. मी हेवी डी अँड द बॉईज या रॅप ग्रुपचं नाव घेते. मग हमखास प्रश्न येतो, "तो जाडा ना?"

हो, तोच. लोकांनी चिडवायच्या आधीच त्यानं स्वतःला 'ओव्हरवेट लव्हर' म्हणवून घेतलं आणि विषय मिटवला. जमैकात जन्मलेला, न्यूयॉर्कला लागून असलेल्या माउंट व्हर्ननमध्ये वाढलेला ड्वाइट मायर्स, म्हणजेच हेवी डी. टर्नटेबलवर एडी एफ. नाचायला जी-व्हिझ आणि ट्रबल टी-रॉय. आंद्रे हॅरेलच्या अपटाउन रेकॉर्ड्सनं 1987 मध्ये त्यांचा पहिला अल्बम काढला, 'लिव्हिंग लार्ज'. बरा आहे.

खरी मजा 1989 च्या 'बिग टाइम'मध्ये. त्यातलं 'वी गॉट अवर ओन थँग' संगीत निर्माता टेडी रायलीनं बांधलंय. ड्रम मशीनचा ठोका दणदणीत, पण मधल्या बारीक मात्रा सरळ चालत नाहीत, डुलत येतात. अशा ठेक्यावर भले भले रॅपर अडखळतात. हेवी डी शब्द त्याच डौलात सोडतो, कुठे घाई नाही, कुठे दम लागल्याची खूण नाही. आणि तो नाचतो! बाजूला दोन सडपातळ नर्तक असूनही माझी नजर त्याच्याच पावलांवर जाते.

15 जुलै 1990 ला, दौऱ्यावर असताना, इंडियानापोलिसमध्ये टी-रॉय उंचावरून पडून वारला. वय 22. पुढच्या वर्षीच्या अल्बमला त्यांनी नाव दिलं 'पीसफुल जर्नी'. गंमत बघा, त्यांचं सगळ्यात आनंदी गाणं याच अल्बमवर आहे. 'नाऊ दॅट वी फाउंड लव्ह' मूळचं ओजेज या ग्रुपचं, मग थर्ड वर्ल्ड या रेगे बँडनं गाजवलेलं. इथे पुन्हा रायली, आणि धृपदाला गायक आरन हॉलचा आवाज. अमेरिकेत ते 11 व्या क्रमांकापर्यंत पोचलं, ब्रिटनमध्ये दुसऱ्या. पार्टीत ते लागलं की त्यामागचं सुतक कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि यावंच असा माझा हट्टही नाही.

उघड शोक केला तो हेवी डीच्या भावकीतल्या, संगीत निर्माता पीट रॉकनं. 1992 चं, रॅपर सीएल स्मूथसोबतचं 'दे रेमिनिस ओव्हर यू' हे टी-रॉयसाठीच आहे. त्यातला सॅक्सोफोन ओळखणारे पुष्कळ. ज्याच्यासाठी तो वाजतोय त्याचा नाच पाहिलेले फार थोडे.

1993 च्या 'ब्लू फंक'वर न्यू जॅकची चकाकी जवळपास नाही. कडक अल्बम, पण मला त्यात नाच कमी पडतो. 1994 ला 'नटिन बट लव्ह' आला, प्लॅटिनम झाला आणि ग्रुप म्हणून तिथेच थांबला. हेवी डी पुढे अपटाउनचाच प्रमुख झाला, अभिनय केला, रेगे गायला. 8 नोव्हेंबर 2011 ला तो गेला तेव्हा 44 वर्षांचा होता. जेमतेम महिनाभर आधी बीईटी या अमेरिकी वाहिनीच्या हिप हॉप पुरस्कारांच्या मंचावर तो जुनी गाणी गाऊन गेला होता.

पहिल्यांदा ऐकणार असाल तर हिट गाणं बाजूला ठेवा, 'बिग टाइम' लावा. शक्य असेल तर व्हिडिओसकट.