मांजरपाटाचा झगा

शनिवार, रात्र

आज अखेर कात्री लावली. मखमलीला नाही, मांजरपाटाला. मागच्या खेपेला पुण्याहून निघताना आईने बॅगेच्या तळाशी सात मीटर घडी घालून दिलं होतं, ते इथे लंडनमध्ये कामी आलं. काय चुका व्हायच्या त्या यावर होऊन जाऊ देत. मखमल त्यानंतरच.

मनात आहे ते राजकन्या एलिझाबेथचं, म्हणजे पुढे इंग्लंडची राणी झालेल्या पहिल्या एलिझाबेथचं चित्र, १५४६ च्या सुमाराचं. तेव्हा ती जेमतेम तेरा वर्षांची. लाल झगा, हातात पुस्तक, रुंद चौकोनी गळा, कोपरापाशी उलटलेल्या मोठाल्या बाह्या. कितीही जवळून पाहिलं तरी झगा पुढून कुठे उघडतो ते दिसत नाही. तपासून पाहायला त्या काळचे अख्खे झगेही जवळजवळ उरलेले नाहीत. एवढं महागाचं कापड कोण टाकणार? उसवायचं आणि त्यातून दुसरं काही शिवायचं. त्यामुळे चित्रं आणि राजवाड्याच्या हिशेबाच्या वह्या, एवढाच आधार. पुढचा भाग बाजूने टाचण्यांनी टाचायची रीत मी धरली आहे. तसं केलं की समोर एकही जोड दिसत नाही.

मांजरपाटाचा पन्हा चांगला रुंद आहे, पण तेव्हाची मखमल वीस-बावीस इंचांच्या आसपास असे. म्हणून कापायच्या आधी खडूने बावीस इंचांवर उभ्या रेघा मारून घेतल्या. त्यांच्या झग्यात जिथे जोड आला असता, तिथेच माझ्याही यावा. यात दीड तास गेला आणि तो मला फार आवडला.

पुढचे तीन तास मात्र वाया गेले. अंगावर घालून पाहिलं तर छातीखाली चुण्याच चुण्या. मी टक्स घेतले. चुण्या काखेकडे सरकल्या. अजून दोन घेतले, तर गळा पुढे उघडा पडला. माझा हात कटोरी ब्लाऊजवर तयार झालेला. अंगाच्या गोलाईला कापड बसवायचं, हेच त्याला ठाऊक.

संध्याकाळी आईला व्हिडिओवर दाखवलं. तिने क्षणभर पाहिलं आणि विचारलं, "आत काय घातलंयस गं?"

नेहमीचेच कपडे होते आत. ब्लाऊजचं माप घेतानाही पहिला प्रश्न हाच असतो, आणि मी तो स्वतःला विचारला नव्हता. त्या बायका आत आधी लिननचा सैल सदरा घालत, त्यावर कर्टल, म्हणजे आतला घट्ट झगा, आणि सगळ्यांत वर हा. अंगाला आकार द्यायचं काम कर्टलचं. वरच्या झग्याने त्यावर नुसतं सपाट बसायचं असतं.

माझ्या कर्टलचं वरचं अंग गेल्या महिन्यापासून अर्धवट पडून होतं. जाड लिननचे दोन थर, मध्ये बकरम. शर्टाच्या कॉलरला लावतो ते बकरम. त्या जुन्या हिशेबांतही हाच शब्द भेटतो, तेव्हा ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. नाडीची भोकं कापून नाही, आरीने धागे बाजूला सारून केली होती. धागा तुटत नाही, म्हणून ताण पडला तरी भोक फाटत नाही. एकच नाडी खालून वर तिरकी ओवत आवळली. मग मांजरपाटातले सगळे टक्स उसवले आणि ते वरून चढवलं.

समोरचा भाग पाटीसारखा सपाट बसला. एक चुणी नाही. चौकोनी गळा आपला आपण उभा राहिला. आरशासमोर मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

खांद्याची पट्टी अजून घसरते. मागे ती पाऊण इंच आत घेऊन थोडी तिरकी कापायला हवी. डावा मुंढाही काचतोय, तिथे पेन्सिलने खूण करून ठेवली आहे. बाहीला हात लावलेला नाही.

उद्या आधी पट्टी.