कार्यक्रमपत्रिकेतली पाच मिनिटं

दक्षिण आफ्रिकेत मथाथाजवळच्या एका गावी आम्ही बांधलेल्या रस्त्याचं उद्घाटन होतं. कार्यक्रमपत्रिका माझ्याकडे. तिच्यात मी लिहिलं होतं : 'स्तुतिपाठक – 5 मिनिटं'. आदल्या दिवशी तिथल्याच खोसा समाजातल्या सहकाऱ्याला विचारलं, "तो काय बोलणार ते लेखी मिळेल?"

तो हसला. "भुती, इम्बोंगी उभा राहिल्याशिवाय त्यालाही ते माहीत नसतं."

(इम्बोंगी म्हणजे स्तुतिपाठक, भुती म्हणजे भाऊ. पहिला महिनाभर मला वाटायचं, हा मला भूत म्हणतोय.)

दुसऱ्या दिवशी गावप्रमुख मांडवात शिरले तसा इम्बोंगी उठला. साठीचा, सडसडीत. खांद्यावर कातडं, डोक्यावर केसाळ टोपी, हातात दोन काठ्या. "आ!" अशी आरोळी देऊन त्याने प्रमुखांचं बिरुद पुकारलं आणि खरखरीत आवाजात सुरू झाला. पूर्वज, नद्या, लढाया, गुरं. बायका ललकाऱ्या देत होत्या, सहकारी माझ्या कानात अर्थ सांगत होता, मी घड्याळ बघत होतो.

मग काठी आमच्या खुर्च्यांकडे वळली. सहकारी गप्प.

"काय म्हणतोय?"

"नंतर सांगतो."

"आत्ता सांग."

पिवळे हत्ती आले, त्यांनी डोंगर खाल्ला, जाताना नळावर पाय दिला. आमच्या लेकी अजून डोक्यावर बादल्या वाहतात. आणि प्रमुख, तुम्ही त्यांच्याच मांडवात बसलात!

पिवळे हत्ती म्हणजे आमचे डंपर. पाइप फुटून चार महिने झाले होते. गावाचं पत्र माझ्याच टेबलावर पडून होतं.

मला वाटलं, आता याला कोणीतरी खाली बसवणार. कोणी हललं नाही. प्रमुख मान खाली घालून ऐकत होते. आपल्याकडे भाट म्हटलं की मिंधेपणा आठवतो. मीही तोच अर्थ धरून बसलो होतो. पण इम्बोंगीला प्रमुखाचे वाभाडे चारचौघांत काढायची मुभा परंपरेनेच असते. ब्रिटिश युवराज 1925 साली तिथे आले, तेव्हा थोर खोसा कवी म्कायी यांनी गौरवाच्या कवितेतच बायबलबरोबर आलेल्या ब्रँडीचा आणि तोफांचा हिशेब मांडला होता, हे सहकाऱ्याने मला नंतर सांगितलं.

बारा मिनिटं झाली. पुढे माझं भाषण. पहिलं वाक्य होतं, 'गावकऱ्यांच्या सहकार्याने...' ते खोडून मी तिथे पाइप दुरुस्तीची तारीख लिहिली.