आउटबोर्डचे इंधन : बिघाड टाकीच्या तळाशी सापडला

होडीच्या मागे बाहेरून बसवलेले माझे आउटबोर्ड मशीन पूर्ण थ्रॉटलवर घुसमटून बंद पडण्याच्या ज्या तक्रारीवर मागची नोंद थांबली होती, तिचे मूळ अखेर हाती लागले असून ते कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, नव्हतेच. जेट (कार्ब्युरेटरमधली इंधनाची बारीक छिद्रे) साफ केले, प्लग बदलले, हाताने दाबून इंधन चढवणारा प्रायमर बल्ब नवा बसवला, पंपाचा पडदा तपासला; तरीही कर्लीच्या खाडीत वेग वाढवताच या टू-स्ट्रोक मशीनचा (यात वंगणाचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात) दम सुटत असे आणि मंद गतीवर मात्र ते निमूटपणे चालत असे.

टाकीतले तळाचे इंधन काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवल्यावर उलगडा झाला. वर ऑइलच्या रंगाचे निळसर पेट्रोल होते आणि खाली जवळजवळ रंगहीन असा वेगळा थर साचला होता. हा थर नुसत्या पाण्याचा नसून पाणी आणि इथेनॉल (पेट्रोलमध्ये मिसळलेले अल्कोहोल) यांचा असतो. दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल 15 अंश सेल्सिअसला साधारण अर्धा टक्का पाणी विरघळवून ठेवते. वीस टक्क्यांचे त्याहून अधिक पाणी सांभाळते, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्यासह तळाशी जाते, त्यामुळे खाली बसणारा थरही मोठा असतो. होडी संथ असताना तो टाकीतून इंधन ओढणाऱ्या नळीच्या तोंडाखाली राहत होता आणि नाक उचलले की मागे सरकून थेट नळीत शिरत होता. ऑइल पेट्रोलबरोबर वरच राहत असल्याने त्या थराबरोबर बेअरिंगला वंगण मिळत नाही. मशीन जाम होण्याआधी बंद पडले, हे नशीबच म्हणायचे.

दमट हवेमुळे टाकीत पाणी येते असे सर्रास सांगितले जाते; मला ते पुरेसे कारण वाटत नाही. झाकणाची रबरी चकती कडक झाली होती आणि पावसाचे पाणी टाकीच्या माथ्यावरच्या खोलगट भागात साचून तिथूनच आत झिरपत होते. चकती बदलली आहे.

त्यानंतर पेट्रोल पंपावरून घेतलेले पेट्रोल तपासले. शंभर मिलीच्या मोजपात्रात 10 मिली पाणी घेऊन 100 च्या रेषेपर्यंत पेट्रोल ओतले, हलवून स्थिर होऊ दिले, तेव्हा खालचा थर 27 च्या आसपास चढला. थर नीट दिसावा म्हणून पाण्यात शाईचा थेंब टाकावा. 90 मिली पेट्रोलमधून सुमारे 17 मिली इथेनॉल खाली आले, म्हणजे ते वीस टक्क्यांचेच आहे. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांची मर्यादा आहे. अमेरिकेत तर पंधरा टक्क्यांचे मिश्रणही बोटींच्या इंजिनांत वापरण्यास मनाई आहे.

शहरातून आणवलेल्या 100 ऑक्टेनच्या (ऑक्टेन म्हणजे ठोके न पडता जळण्याची पेट्रोलची क्षमता) महागड्या पेट्रोलचा थर मात्र 10 वरच राहिला. या मशीनचे कॉम्प्रेशन इतके कमी आहे की शंभर ऑक्टेनचा त्याला काडीचा उपयोग नाही. पैसे मोजायचे ते केवळ इथेनॉल नसल्याबद्दल. ऑइल मात्र बोटींच्या टू-स्ट्रोक मशीनसाठीच्या टीसी-डब्ल्यू 3 दर्जाचेच, लिटरला 20 मिली. दुकानदार दुचाकीचे टू-टी ऑइल पुढे करतात, पण पाण्याने थंड राहणाऱ्या मशीनसाठी ते बनवलेले नसते.

आमचे तांडेल (होडीचे प्रमुख) केरोसीनचे मशीन घेण्याचा सल्ला देतात. ती मशीन पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर केरोसीनवर वळवतात आणि त्यांची रचना मुळातच त्यासाठी असते. माझ्या पेट्रोलच्या मशीनमध्ये केरोसीन मिसळले तर ऑक्टेन घटून ठोके पडतील, तेव्हा तो विषय संपला.

पाण्याने इथेनॉल धुऊन काढण्याचा बेत होता, तो हे लिहिताना रद्द करत आहे. इथेनॉल गेले की ऑक्टेनही उतरते, शिवाय उरलेले मिश्रण खाडीत ओतणे मला मान्य नाही. त्यापेक्षा मुख्य जेट एक क्रमांक मोठा घालून पाहावा असे आता वाटते. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट; म्हणून वीस टक्क्यांच्या मिश्रणावर जुना जेट कमी इंधन देतो आणि पिस्टन अधिक तापतो. जेटने पाण्याचा प्रश्न सुटणार नाही, त्यासाठी पाणी वेगळे करणारा 10 मायक्रॉनचा फिल्टर मागवला आहे. तोवर फेरीपुरतेच महागडे पेट्रोल भरायचे आणि परतल्यावर नळी काढून फ्लोट बाउल (कार्ब्युरेटरमधली इंधनाची वाटी) रिकामा होईपर्यंत मशीन चालवायचे. जेट बसल्यावर प्लगच्या रंगाची छायाचित्रे टाकीन.